काठीला काय दिसतं?

आधी एक कबुली देऊन टाकते. केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं मराठी म्हणजे आईशी भांडण्यापुरतं आणि रिक्षावाल्या काकांशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालण्यापुरतं. 'मराठी विभागासाठी एक लेख दे' असा निरोप आला तेव्हा दोन दिवस मी मेसमध्ये संपादिकाबाईंच्या टेबलापासून लांब बसत होते. शेवटी तिने गाठलंच. "सिव्हिलची आहेस ना? मग बिल्डिंगबद्दल लिही. तेवढं तरी येतं ना?" येतं असं मलाही वाटत होतं. ते कसं येत नव्हतं त्याबद्दलच हा लेख आहे. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने तपासले आहेत, तेव्हा उरलेल्या चुका त्यांच्या.

तर झालं असं. गेल्या वर्षी एका रविवारी आपल्या कॉलेजात एका स्पर्धा परीक्षेचं सेंटर होतं. एनएसएसच्या ग्रुपवर मेसेज आला, अंध उमेदवारांसाठी लेखनिक हवेत. लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खालचं असावं अशी अट होती. परीक्षा पदवीधरांची आणि मी कागदोपत्री अजून बारावी पास, म्हणून चालले. बारावीच्या सर्टिफिकेटचा एवढा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला. मला जे उमेदवार मिळाले ते सत्तावीस वर्षांचे, बीडकडचे. लहानपणी थोडं दिसायचं, दहाव्या वर्षापर्यंत तेही गेलं. पुढचं शिक्षण अंधशाळेत आणि मग बी.ए. मी त्यांना दादा म्हणते. नाव छापू नको म्हणाले, अजून बऱ्याच परीक्षा द्यायच्या आहेत.

गेटवर मी त्यांचा हात धरला आणि घाईघाईने ओढायला लागले. त्यांनी शांतपणे हात सोडवून घेतला आणि माझ्या कोपराच्या जरा वर हलकेच धरलं. "ताई, तुम्ही चाला. मी येतो मागे." हीच बरोबर पद्धत असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. धरायचं त्यांनी, चालायचं आपण. आपण अर्धं पाऊल पुढे असलो की वळण, पायरी, थांबणं हे सगळं त्यांना आपल्या कोपरातून कळतं. ओढत नेलं तर काहीच कळत नाही, फक्त अपमान कळतो.

पेपरला बारा मिनिटं राहिली होती. मी हॉल तिकीट दाखवायला टेबलापाशी रांगेत उभी राहिले. दादांना पाणी प्यायचं होतं. वॉटर कूलरची घरघर त्यांना ऐकू येत होती, म्हणाले मीच जाऊन येतो. काठी फिरवत ते अगदी सरळ कूलरच्या दिशेने गेले आणि धाडकन आवाज आला. काठी जिन्याखालून आरपार गेली होती, कपाळ जिन्यालाच लागलं होतं.

आपल्या मेन बिल्डिंगचा जिना आठवा. डॉग-लेग्ड. मजल्याची उंची ३.६ मीटर, १५० मिलिमीटरचे २४ रायझर, १२ चढले की लँडिंग. म्हणजे लँडिंग १.८ मीटरवर. त्यातून स्लॅबची १५० मिलिमीटर जाडी वजा करा, खाली उरले १.६५ मीटर. आणि ही सगळ्यात जास्त उंची! पहिल्या फ्लाइटखाली जसजसे अलीकडे याल तसतशी ती कमीच होत जाते. दादा पाच फूट सात इंच, म्हणजे १.७ मीटर. त्या फ्लाइटखाली त्यांना सरळ उभं राहता येईल अशी इंचभरही जागा नाही. आणि आपण बरोब्बर तिथेच कूलर ठेवलाय, कारण 'ती जागा नुसती वाया जात होती'. आपण सगळे तिथे वाकून पाणी पितो. वाकतो हेसुद्धा विसरून गेलोय.

कँटीनमधून बर्फ आणला. टेंगूळ आलं, रक्त नाही आलं. दादांनी कपाळाला रुमाल बांधला आणि पेपर सांगायला बसले. दोन तासांच्या पेपरला तासाला वीस मिनिटांप्रमाणे चाळीस मिनिटं जास्त मिळतात, ती मिळाली. पण पहिले पंधरा-वीस प्रश्न मी दोनदा-दोनदा वाचत होते आणि ते "पुन्हा एकदा वाचा" म्हणत होते. त्या परीक्षेत दादांचं नाव यादीत आलं नाही. जिन्यामुळे आलं नाही असं ते म्हणत नाहीत. मी म्हणते.

मला सगळ्यात जास्त कशाची लाज वाटली सांगू? हाच जिना मी सेकंड इयरला बिल्डिंग ड्रॉइंगच्या शीटवर काढला आहे. दहापैकी नऊ मिळाले होते. प्लॅन काढताना आपण इमारत खिडकीच्या सिलच्या थोडं वर आडवी कापतो आणि खाली बघतो. त्या पातळीच्या वर जे असेल ते तुटक रेषेने दाखवायचं असतं. खरं सांगायचं तर सबमिशनच्या आदल्या रात्री ती तुटक रेषा सगळ्यात आधी गळते. माझ्या शीटवर जिन्याखाली कोरी जागा आहे. माझ्या प्लॅनप्रमाणे दादा अगदी बरोबर चालले होते!

आता काठीबद्दल, कारण ती कशी चालते हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. पांढरी काठी ही 'मी अंध आहे' एवढं सांगायची पाटी नाही, ते मोजमापाचं साधन आहे. ती जमिनीलगत, खांद्यांच्या रुंदीपेक्षा किंचित जास्त अशा कमानीत, डावी-उजवीकडे फिरते. उजवं पाऊल पुढे पडतं तेव्हा काठी डावीकडे असते, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा एक पाऊल आधीच तपासून झालेली असते. खड्डा, पायरी, भिंत, बादली हे सगळं तिला सापडतं. पण गुडघ्याच्या वर काय आहे याचा तिला पत्ताच नसतो. ज्या वस्तूचा पाय जमिनीवर नाही ती काठीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

यावर अमेरिकेतल्या अपंग हक्क कायद्याच्या मानकांत एक साधा नियम आहे, तो मला फार आवडला. जाण्यायेण्याच्या वाटेवर जमिनीपासून ६८५ ते २०३० मिलिमीटर या पट्ट्यात भिंतीतून कोणतीही वस्तू १०० मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर यायला नको. २०३० च्या वर असेल तर डोक्याला लागत नाही. खालची कड ६८५ च्या खाली असेल तर काठीला लागते, माणूस थांबतो. मधला पट्टा तेवढा धोक्याचा. जिन्याखाली जिथे उंची २०३० पेक्षा कमी आहे तिथे खाली काहीतरी अडथळा घालायचा. कठडा, कुंड्या, बाक, काहीही, फक्त काठीला लागेल असं.

हा एक नियम आणि एक मेजरिंग टेप घेऊन आम्ही चौघं मिनी प्रोजेक्टच्या निमित्ताने सगळी मेन बिल्डिंग फिरलो. फायर होजची लाल पेटी भिंतीतून २५० मिलिमीटर बाहेर, खालची कड एक मीटरवर. लायब्ररीच्या खिडक्यांची तावदानं व्हरांड्यात बाहेर उघडतात, नेमकी चेहऱ्याच्या उंचीवर. (उन्हाळ्यात ती सगळी उघडी असतात, आणि डोळे असलेल्या दोन जणांना लागलेलं मी स्वतः पाहिलंय.) एसीचं बाहेरचं युनिट, नोटीस बोर्डाची काचेची पेटी. ऐंशी मीटरच्या एका व्हरांड्यात अशा अकरा जागा निघाल्या. काहीही नवीन बांधायची गरज नाही. फायरच्या पेटीखाली जमिनीपर्यंत विटांचा एक ओटा केला की झालं, काठी तिला शोधून काढते.

हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठी एक वेगळी ओळ. अर्धवट उघडं दार. दादा म्हणाले, "बंद दार हाताला लागतं, उघड्या दारातून जाता येतं. अर्ध्या दाराची कड डोळ्यांच्या मधोमध बसते." काठी दाराच्या एका बाजूने जाते, हात दुसऱ्या बाजूने, आणि कड नाकावर. म्हणून दार एकतर पूर्ण उघडं ठेवावं नाहीतर पूर्ण बंद. व्हरांड्यातल्या बादल्या आणि चपला काठीला निदान सापडतात तरी. कपाटांच्या अर्धवट उघड्या दारांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

मग आम्ही उत्साहाने प्रोजेक्टचा दुसरा भाग केला. तळमजल्याच्या प्लॅनवर सगळीकडे त्या पिवळ्या उठावदार टाइल्स टाकल्या. मेट्रोच्या स्टेशनवर आणि लोकलच्या प्लॅटफॉर्मच्या कडेला असतात त्याच. (आमच्या ग्रुपमधल्या एकाला इतकी वर्षं वाटत होतं की पावसात घसरू नये म्हणून त्या असतात. तो सिव्हिलचा आहे. नाव लिहीत नाही.)

या टाइल्सची गोष्ट छान आहे. जपानच्या सेइइची मियाके नावाच्या गृहस्थांनी १९६५ मध्ये त्या तयार केल्या, आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. पुढे तिथल्या रेल्वेने घेतल्या आणि हळूहळू जगभर पोचल्या. भाषा दोनच शब्दांची आहे. लांब उभ्या पट्ट्या म्हणजे 'या दिशेने चाल'. गोल टिंबं म्हणजे 'थांब, इथे काहीतरी आहे'. ते काहीतरी म्हणजे जिना, वळण, दार, प्लॅटफॉर्मची कड. जिना सुरू व्हायच्या ३०० मिलिमीटर आधी टिंबांची ओळ यायला हवी, म्हणजे शेवटचं पाऊल सावरायला जागा राहते. उठाव साधारण पाच मिलिमीटरचा. बुटाच्या तळव्यातून कळेल इतका जास्त आणि अडखळायला होणार नाही इतका कमी. आणि पिवळा रंग शोभेसाठी नसतो. ज्यांना थोडंफार दिसतं त्यांना करड्या फरशीवर तो लांबून कळतो.

प्लॅन दादांना दाखवायचा कसा, हा प्रश्न होता. आम्ही ए-वन शीटवर भिंतींच्या रेषांवर फेविकॉलने सुतळी चिकटवली, दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या, टाइल्सच्या ठिकाणी सँडपेपरच्या पट्ट्या लावल्या. एम-सीलचे गोळे म्हणजे खांब. दादांनी दहा मिनिटं दोन्ही हातांनी ते सगळं वाचलं. मी तोंडाकडे बघत होते, व्हायव्हाला असते तशी अवस्था. मग म्हणाले, "एवढा सँडपेपर कशाला लावलास गं? व्हरांड्याला भिंत आहे की."

(तोपर्यंत 'ताई, तुम्ही'वरून 'तू'वर आले होते. बरं वाटलं.)

त्यांचं म्हणणं असं. अंध माणूस व्हरांड्यात मधोमध चालत नाही, तो काठ धरून चालतो. भिंत, कठडा, फुटपाथची कड, लॉनची विटांची बॉर्डर हा त्याचा काठ. काठी त्याला अधूनमधून लावत जायचं आणि दारं मोजायची. जिथे काठ आहे तिथे टाइल्सची गरज नसते, काठ मोकळा आणि सलग असला की पुरे. टाइल्स हव्यात जिथे काठ संपतो तिथे. आपला मेन गेटपासून पोर्चपर्यंतचा पटांगणाचा भाग, किंवा ते भव्य एंट्रन्स फोयर, ज्याचा फोटो दरवर्षी प्रॉस्पेक्टसवर असतो. वीस मीटर बाय पंधरा मीटर, मध्ये काही नाही. आपल्याला ते प्रशस्त वाटतं. दादांच्या भाषेत ते 'समुद्र' आहे. एकदा आत शिरलं की कोणत्या दिशेला तोंड आहे तेच कळत नाही.

आम्ही साडेतीनशे मीटर टाइल्स टाकल्या होत्या. त्यातल्या नव्वदच्या आसपास उरल्या. एस्टिमेट एका झटक्यात चौथाईवर आलं, आणि गाइड सर पहिल्यांदाच आमच्यावर खूश झाले.

दुसरी चूक मात्र गंभीर होती. आमचा टाइल्सचा पट्टा एका ठिकाणी खांबाला जाऊन भिडत होता, कारण ऑटोकॅडमध्ये कॉलमची लेयर बंद होती. दादांचं बोट सँडपेपरवरून सरकत सरकत एम-सीलच्या गोळ्यावर गेलं आणि थांबलं. ते काही बोलले नाहीत, कपाळाला हात लावून दाखवला फक्त. असे पट्टे रस्त्यांवर खरोखर दिसतात. विजेच्या खांबापर्यंत नेऊन सोडलेले, मॅनहोलपाशी तुटून पुढे भलत्याच दिशेने सुरू झालेले, मध्येच टिंबं आणि पट्ट्यांची रांगोळी केलेली. बसवणाऱ्याला ती नुसती एक डिझाइनची टाइल वाटत असते. टाइल नसेल तर माणूस सावध चालतो. टाइल असली की तो तिच्यावर विश्वास ठेवून चालतो, आणि खोटं सांगणारी टाइल म्हणूनच जास्त वाईट.

आता थोडं वेगळ्या लोकांबद्दल. 'दृष्टिहीन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा चष्मा येतो, पण ज्यांना नजरेचा त्रास आहे त्यांतल्या बहुतेकांना काही ना काही दिसत असतं. कुणाला धूसर, कुणाला फक्त मधलं, कुणाला फक्त कडेचं, कुणाला संध्याकाळनंतर काहीच नाही. आपल्या हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी आठवतात? मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायच्या आधी त्या जिन्याची शेवटची पायरी नेहमी चुकायच्या. आम्ही हसायचो, मावशी डान्स करतात म्हणून. मेसचा जिना करड्या कोट्याचा, खालची फरशीही करड्या कोट्याचीच. वरून बघितलं तर शेवटची पायरी आणि जमीन एकच दिसते. मावशींना डान्स नव्हता करायचा.

इथे टाइल, ब्रेल काही उपयोगाचं नाही. इथे हवा फरक. रंगापेक्षाही उजेड-अंधाराचा फरक. पृष्ठभाग किती प्रकाश परत पाठवतो याचं माप असतं, अगदी काळ्याला शून्य आणि अगदी पांढऱ्याला शंभर. ब्रिटिश मानकाचा ढोबळ नियम असा, की शेजारशेजारच्या दोन गोष्टींत निदान तीस गुणांचा फरक असावा. लाल आणि हिरवा आपल्याला एकदम वेगळे वाटतात, पण दोघांचं हे माप जवळपास सारखं असू शकतं. सोपी टेस्ट आहे. मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. त्यात दार भिंतीपासून वेगळं दिसलं नाही तर मावशींनाही दिसत नाही. आम्ही हॉस्टेलचे असे फोटो काढले. पांढऱ्या टाइल्सच्या भिंतीवर पांढरं बेसिन गायब झालं! स्विचबोर्डही गायब. ऑफिसचं नवीन काचेचं दार तर फोटोत नव्हतंच, त्याच्यावर एक पट्टी तरी लावा असा अर्ज केला आहे.

आणि आपल्याला ज्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सचा अभिमान आहे त्या कमी दिसणाऱ्यांच्या शत्रू आहेत. व्हरांड्याच्या टोकाला मोठी खिडकी, दुपारचं ऊन, आणि सगळी फरशी आरशासारखी चमकते. समोरून येणारा माणूस काळी सावली होतो, फरशीवरचं पाणी आणि फरशीची चमक सारखीच दिसते. मॅट फरशी स्वस्त पडते, शिवाय पावसाळ्यात आपणही घसरत नाही.

मेसच्या जिन्याला आम्ही परवानगी काढून प्रत्येक पायरीच्या कडेला ५० मिलिमीटरची पिवळी पट्टी मारली. एक लिटर ऑइल पेंट, मास्किंग टेप, आणि रविवारची सकाळ. अति उत्साहात रंगात वाळू घालायला विसरलो. सोमवारी डाळ सांडली आणि पट्टीवरून दोन जण घसरले. मग पॉलिश पेपरने घासून, बारीक चाळलेली वाळू मिसळून पुन्हा रंगवलं. पट्टी पायरीच्या वर आणि पुढे दोन्हीकडे हवी हेही तेव्हा कळलं. वर फक्त मारली तर चढताना दिसत नाही, पुढे फक्त मारली तर उतरताना दिसत नाही.

कठड्याचंही असंच. आपल्याकडे कठडा शेवटच्या पायरीच्या आधीच संपतो, कारण तिथे तो कापला की छान दिसतो. तो पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या पुढे ३०० मिलिमीटर आडवा जायला हवा. हात आधी सपाटीवर येतो, मग पाय. शेवटची पायरी कुठली हे पायाला हाताने सांगायचं असतं.

ब्रेलबद्दल लिहिलं नाही तर तुम्ही म्हणाल मुख्य गोष्टच राहिली. पण ती मुख्य नाहीच. लुई ब्रेलची सहा टिंबांची लिपी भन्नाट आहे यात वाद नाही. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, त्यामुळे मराठीचा 'क' आणि हिंदीचा 'क' बोटाला एकच लागतो. प्रश्न पाटीच्या जागेचा आहे. मी एका ठिकाणी दाराच्या वर सात फुटांवर लावलेली ब्रेल पाटी पाहिली आहे, आणि एका ठिकाणी ब्रेलवर पारदर्शक अॅक्रिलिक बसवलेलं पाहिलं आहे, खराब होऊ नये म्हणून! पाटी डोळ्यांना दिसली की मग बोट तिच्यावर ठेवायचं, असं लावणाऱ्याच्या मनात असतं. अंध माणसाला पाटी आहे हेच कळणार कसं? म्हणून ती प्रत्येक दारापाशी एकाच ठरलेल्या जागी लागते. दाराच्या कडीच्या बाजूच्या भिंतीवर, छातीच्या आसपासच्या उंचीवर. कुठल्याही मजल्यावर हात आपोआप तिथेच जायला हवा. शिवाय ज्यांची नजर मोठेपणी गेली त्यांतल्या अनेकांना ब्रेल येतच नाही, त्यांच्यासाठी उठावाची साधी अक्षरं आणि आकडे हवेत. लिफ्टमध्ये बटणांवर ब्रेल आहे पण मजला बोलून सांगत नाही, तर तिसरा आला की चौथा हे कळायला दार उघडल्यावर कुणाला तरी विचारावंच लागतं.

सगळ्यात भारी गोष्ट आवाजाची, आणि ती कुठल्याच पेपरला येत नाही. मेन बिल्डिंगच्या व्हरांड्यातून जाताना दादा मध्येच म्हणाले, "डावीकडे इथे बोळ आहे ना?" होता. काठीच्या टकटकीचा आवाज भिंतीवरून परत येतो, भिंत संपली की येत नाही. छत खाली आलं की आवाज दबतो, फोयरमध्ये तो मोकळा होतो. म्हणजे जागेची उंची-रुंदी ऐकू येते. ख्रिस डाउनी नावाचे एक अमेरिकन आर्किटेक्ट आहेत. २००८ मध्ये मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशननंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांनी काम सोडलं नाही. नकाशे उठावाच्या प्रिंटरवर छापून बोटांनी वाचतात, त्यावर मेणाच्या काड्यांनी बदल करून दाखवतात. आमची सुतळी आणि फेविकॉलची कल्पना ओरिजिनल आहे असं आम्हाला वाटत होतं, ते तिथे संपलं.

आणि फार लांब जायचीही गरज नाही. गुजरातमध्ये गांधीनगरला दृष्टिहीन मुलांच्या शाळेची इमारत आहे, आर्किटेक्ट आनंद सोनेचा यांच्या सीलॅबने केलेली, २०२१ मध्ये पूर्ण झाली. तिचा फ्लोअर प्लॅन मी हॉस्टेलच्या भिंतीवर लावलाय. मधल्या चौकाभोवती वर्ग. प्रवेशाची जागा उंच आणि व्हरांडा कमी उंचीचा, म्हणजे मुलांना आपण कुठे आहोत हे स्वतःच्या पावलांच्या आवाजावरून कळतं. भिंतींना वेगवेगळ्या पोताचं प्लास्टर. हात फिरवला की ही कोणती भिंत ते कळतं. चालायच्या वाटेवर गुळगुळीत कोटा आणि वर्गाच्या दारापाशी खडबडीत कोटा, की पायाला कळावं इथे वळायचंय. चौकात सुगंधी झाडं. यातलं एकही मटेरियल परदेशी नाही, सेन्सर नाही, अॅप नाही. आपल्या गवंडीकाकांना रफ प्लास्टर आणि स्मूद प्लास्टर दोन्ही येतं. कुठे कोणतं हे सांगणारा इंजिनियर हवा, एवढंच.

दादांना मी मोबाइलवर हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "आमच्या शाळेत एवढं नव्हतं. पण मेसपाशी चिंचेचं झाड होतं, वारा आला की सळसळायचं. जेवायला कधी चुकलो नाही."

"पण आपल्या कॉलेजात अंध विद्यार्थी आहेतच किती?" हा प्रश्न प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनला आला. यायचाच होता. मी सांगितलं की त्या रविवारी एकाच सेंटरवर सात उमेदवार होते, आणि दुसरं उत्तर कायद्याचं दिलं. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा होता, त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्याच्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय बांधकामाचा नकाशा मंजूर करता येत नाही, आणि कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुधारायच्या होत्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये. हिशोब तुम्हीच करा. पुढे राजीव रतुरी, जे स्वतः दृष्टिबाधित आहेत, त्यांच्या २००५ पासूनच्या याचिकेत सुप्रीम कोर्टाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की सुगम्यतेबद्दलचा नियम १५ नुसता शिफारशीसारखा वाचला जातो, ते कायद्याला धरून नाही. सरकारने तीन महिन्यांत बंधनकारक नियम करावेत असा आदेश दिला. म्हणजे ही दया किंवा समाजसेवा नाही, बीम किती जाड हवा यासारखाच हा विषय आहे. प्रश्न विचारणारे सर नंतर मेजरिंग टेप मागायला आले, त्यांच्या घराचा जिना मोजायचा होता.

जिन्याखालच्या भागाला कठडा घालायचा अर्ज आम्ही स्केच आणि एस्टिमेटसकट ऑफिसात दिलाय, कूलर दोन मीटर सरकवायचाही दिलाय. कूलर सरकला. कठड्याची फाइल फिरते आहे. तोपर्यंत फ्लाइटच्या कडेने आम्ही सात कुंड्या ओळीने मांडल्या आहेत, दोन कुंड्यांमध्ये काठी शिरणार नाही अशा अंतरावर. परवा दादा दुसऱ्या एका परीक्षेचा फॉर्म भरायला आले होते. काठी पहिल्या कुंडीला लागली तसे थांबले, हाताने पानं चाचपली आणि विचारलं, "मनी प्लांट का?" ऊन येत नाही तिथे, दुसरं काही जगत नाही. कृपा करून कुंड्या कुणी हलवू नका आणि त्यांत चहाचे कप टाकू नका. पाणी घालायची पाळी या महिन्यात सेकंड इयर सिव्हिलची आहे.